खांबांच्या मिशा

कल्पना करा, बाळांनो, की तुमच्या घरी एक आजोबा आहेत. धडधाकट आहेत, रोज शेतावर जातात, ज्वारीच्या दोन भाकरी मोडून खातात, पण घरात झोपत नाहीत. थंडी असो, पाऊस असो, अंगणातल्या पत्र्याच्या शेडखाली बाजेवर पडतात. पाहुणे येतात आणि विचारतात, "का हो, म्हाताऱ्याला घरात जागा नाही का?" तेव्हा तुमचे वडील खाली बघतात. आता अशी कल्पना करा, की वडिलांनी नवं घर बांधायला काढलंय, आणि ते केवळ एवढ्यासाठी, की आजोबांनी आत येऊन झोपावं.

जमलं? मग आता तुम्ही ऋतुजा झालात. इयत्ता सहावी, गाव लातूर जिल्ह्यातलं, निलंग्याच्या अंगाचं. आणि ते आजोबा म्हणजे रामलिंगआप्पा. घरात लहानमोठे सगळे त्यांना आप्पाच म्हणत.

आप्पा तरुण होते तेव्हा किल्लारीचा भूकंप झाला. त्यांचं तेव्हाचं घर दगडमातीचं. भिंती हातभर रुंद, डोक्यावर मातीचं जड माळवद. आप्पा खळ्यावर राखणीला गेले होते म्हणून वाचले. थोरला भाऊ घरात होता, तो भिंतीखाली गेला. त्या दिवशी भिंतीवरचा आप्पांचा विश्वास उडाला. पुढं कुणीतरी त्यांना सांगितलं, की लातुरात सिमेंटच्या खांबांची घरं जशीच्या तशी उभी राहिली, आणि तो उडालेला विश्वास जाऊन खांबावर बसला. विश्वासाचं असंच असतं. एका जागेवरून उठला की दुसरीकडे बसतो, आणि बसताना जागा झटकून बघत नाही.

"आप्पा, खांबांचं घर बांधतो. मग तर याल आत?" ऋतुजाच्या वडिलांनी, श्रीमंतनं, विचारलं.

"खांब दाव आधी. मग बोलू," आप्पा म्हणाले.

नकाशा काढला ऋतुजाच्या मामानं. वीरेशमामा नांदेडला इंजिनिअर. त्यानं वीस खांबांचं घर काढून दिलं आणि बांधकाम गावच्या शिवमूर्ती मिस्त्रीवर सोपवलं. पण खरा कारभार आप्पांचा. सकाळी चहा घेतला की ते प्लॉटवर जात. खांब भरला की त्याच्यापुढे नारळ फोडत, दुसऱ्या दिवशी बैलाची पाठ थोपटावी तसा तो थोपटत, आणि म्हणत, "अजून जरा जाड पायजे होता." शिवमूर्ती पुढचा खांब जरा जाड करी. गावातले लोक त्या घराला हत्तीखाना म्हणू लागले. आप्पांना ते आवडलं.

एके दिवशी आप्पांना दिसलं, की खांबांच्या बाजूंनी बारक्या सळया बाहेर आल्यात. हातभर लांब, एकाखाली एक.

"हे काय रे शिवमूर्ती? खांबाला मिशा कशाला फुटल्या?"

"साहेबांच्या नकाशात हायेत, आप्पा. विटांच्या थरात गुतवायच्या. भिंतीच्या मधून सिमेंटचा एक पट्टा बी काढलाय सायबानं, त्याला बी सळई."

"भिंतीला सळई? भिंत काय उचलते? सगळं वझं खांबावर, आन लोखंड भिंतीत?"

"पर साहेब म्हणले…"

"साहेब नांदेडला हाय. झोपायचं मला हाय."

 शिवमूर्तीनं मिशा कापल्या. पट्ट्याची सळई आप्पांनी स्वतः मोजून उरलेल्या खांबांत घालायला लावली. शाळेला सुट्टी होती म्हणून ऋतुजा तिथंच होती. एकेक सळई उचलून ती शिवमूर्तीच्या हातात देत होती, आणि आप्पा तिला सांगत होते, "बघ पोरी, आता भूकंपाचा बाप आला तरी हे घर हलत न्हाई."

पुढं भिंती आल्या. आप्पांना जाड भिंतीची धास्ती, म्हणून त्यांच्या खोलीची आणि हॉलची मधली भिंत अर्ध्या विटेची, चार इंची घातली. हवा खेळावी म्हणून तिथला स्लॅब उंच होता, म्हणून भिंतही उंच. दार-खिडकीनं भिंत कमजोर होते असं आप्पांचं मत, म्हणून एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत ती सलग. वरचा थर आणि तुळई यांच्यामध्ये बोटभर फट राहिली, ती शिवमूर्तीनं थोडा माल थापून बुजवली. म्हणजे जन्मभर भिंतीला भ्यालेल्या माणसानं स्वतःसाठी अख्ख्या घरातली सगळ्यात उंच, सगळ्यात लांब आणि सगळ्यात पातळ भिंत उभी करून घेतली, आणि तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नाही. पाहायचे ते खांबाकडे.

नांदेडहून मामाचा फोन येई. "दाजी, भिंतीतल्या सळया घातल्या ना?"

"हाव, हाव. सगळं बराबर चाललंय," श्रीमंत म्हणे. सळया घातल्या होत्याच. कुठे घातल्या, ते मामानं विचारलं नव्हतं.

गिलावा झाला, पांढरा रंग झाला. खांब आणि भिंत जुळतात तिथं केसाएवढी उभी भेग दिसली, तिच्यावर पुट्टी फिरली. घरभरणीची तारीख निघाली, आणि आप्पांनी पारावर बसून सांगून टाकलं, "त्या दिवशी मी आत झोपणार." श्रीमंतचे डोळे भरून आले. तीस वर्षांहून जास्त काळ त्याच्या घराण्याला लागलेला बोल आता जाणार होता.

घरभरणीच्या आधी ऋतुजा सुट्टीला नांदेडला मामाकडे गेली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात काहीतरी मांडायचं होतं आणि तिला भूकंपावर मांडायचं होतं. मामा खूश झाला. त्यानं भिंतीवरून आपल्या पदवीची फ्रेम उतरवली, मागचा पुठ्ठा, काच आणि पदवी काढून बाजूला ठेवली आणि रिकामी लाकडी चौकट जेवायच्या पाटावर खिळ्यांनी उभी ठोकली.

"या फ्रेमचा घरात पहिल्यांदाच काही उपयोग होतोय," तो म्हणाला. "हे बघ. दोन उभ्या पट्ट्या म्हणजे खांब, वरची आडवी म्हणजे तुळई. आता यात भिंत बांध."

ऋतुजानं दुकानातून काड्यापेट्यांचा पुडा आणला आणि विटांसारखा एकेक थर रचला. चौकट भरली. मामानं एक काडी काढली आणि भिंतीच्या पायथ्याशी आडवी ठेवली.

"हा कोण?" ऋतुजानं विचारलं.

"हा झोपलाय. आता पाट पुढं-मागं हलव. हळूच."

ऋतुजानं हलवला. चौकट नुसती करकरली. काड्यापेट्या मात्र आधी वरून सुटल्या, मग अख्खी भिंत पुढं वाकली आणि धपकन काडीवर येऊन पडली.

"घर पडलं का?" मामानं विचारलं.

"नाही."

"आणि झोपलेला?"

ऋतुजा पेट्या उचलू लागली.

"लोकांना वाटतं, खांब उभे राहिले की झालं," मामा म्हणाला. त्याला शिकवायला आवडे आणि शिकवताना तो घाई करत नसे. "खांब आणि तुळया डुलतात. डुलायलाच पाहिजेत, म्हणून तर त्या मोडत नाहीत. भिंत ताठ असते, तिला डुलता येत नाही. नुसती चौकटीत उभी केलेली भिंत म्हणजे मोटारसायकलवर मागं बसलेला माणूस, ज्यानं कशालाच धरलेलं नाही. गाडी शाबूत राहते, तो पडतो. म्हणून खांबातून सळया काढून विटांत गुंतवायच्या, भिंतीला मधून पट्टा द्यायचा. लांब भिंत असेल तर मध्ये एक बारका खांब घालायचा."

"आणि भिंत आधीच बांधून झाली असेल तर?"

"तर गिलावा खरवडायचा. दोन्ही बाजूंनी लोखंडी जाळी लावायची, भिंतीतून आरपार तारा घालून दोन्ही जाळ्या एकमेकींना बांधायच्या, जाळीच्या कडा खांबांना आणि वरच्या तुळईला पक्क्या करायच्या आणि परत गिलावा करायचा."

त्यानं जुन्या मच्छरदाणीचे दोन तुकडे कापले, भरलेल्या चौकटीला पुढून-मागून ताणून टाचण्यांनी बसवले आणि पाट हलवला. काड्यापेट्या आतल्या आत खुळखुळल्या, दोन-चार तिरक्या झाल्या, पण एकही बाहेर आली नाही.

"तुमच्या घराला जाळीची गरज नाही," मामा म्हणाला. "तुमच्या खांबांना मी सळया ठेवल्यात."

"त्या मिशा?" ऋतुजानं विचारलं. मग तिनं सगळं सांगितलं. कुणी कापल्या, कुठे घातल्या आणि उचलून कुणी दिल्या.

मामानं लगेच फोन लावला. घरात शांतता होती, त्यामुळे पलीकडचं बोलणं ऋतुजाला ऐकू येत होतं.

"आता?" श्रीमंत म्हणत होता. "वीरेशराव, पत्रिका वाटून झाल्या. रंग झालाय. आन आप्पाला काय सांगू, की तुमची भिंत कच्ची हाय? ते मरेस्तोवर पत्र्यातून हलायचे न्हाईत."

"दाजी, पण ते तिथंच झोपणार आहेत. उशाला तीच भिंत आहे."

"होऊ द्या घरभरणी. मागाहून बघू, हळूच. आप्पाला म्हणू, रंग उडालाय. कुणी बोलू नका फक्त. म्हातारा घाबरंल."

मामा काहीतरी बोलणार होता, पण बहिणीच्या सासरचा मामला होता. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवून ऋतुजाला म्हणाला, "तूही काही बोलू नकोस. मोठ्यांचं आहे हे."

"बोलले तर आप्पा आत येणार नाहीत," ऋतुजा म्हणाली.

"हो."

"आणि नाही बोलले तर आत येतील आणि त्या भिंतीखाली झोपतील."

"रोज कुठं भूकंप होतोय," मामा म्हणाला. हे वाक्य त्यानंच दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतं, तर त्याला तासभर समजावून सांगितलं असतं.

घरभरणीच्या दिवशी अंगणात मांडव होता. हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, कढईतून गूळ-वेलदोड्याचा वास येत होता. जंगमस्वामींची पूजा झाली, मग आहेर. माईकवर कुणीतरी पुकारलं, "या भूकंपप्रूफ घराचे शिल्पकार, आमच्या गावचे पाहुणे, इंजिनिअर वीरेशराव." मामाला फेटा बांधला, शाल घातली. भाषणात खांबांचं कौतुक झालं, खांबांच्या जाडीचं झालं, आप्पांच्या नजरेचं झालं. भिंतींचं नाव कुणी घेतलं नाही. मामा खुर्चीच्या अगदी काठावर बसला होता आणि फेट्याखालून घाम पुसत होता.

दुपारी जेवणं उरकल्यावर आप्पांची बाज आत न्यायची होती. ते बघायला निम्मं गाव जमलं. आप्पांचे जुने सोबती बसवंत दारातच उभे होते.

"रामलिंग, तू आत चाललास तर तुझा पत्रा मला दे. घरात सुनंचा टीव्ही लई आवाज करायलाय."

"घे की. पर गळतोय तिथं ताट ठेवावं लागतंय."

"आन रात्री भ्यालास तर?"

"भ्यालो तर खांबाला मिठी मारीन. मावत न्हाई मिठीत, तेवढा एक वांधा हाय."

माणसं हसली. बाज आत आली, लांब भिंतीला लागून मांडली गेली. नवी गादी, नवी उशी, उशाच्या वर शिवमूर्तीनं आताच खिळा ठोकून लावलेली फुलांची माळ. आप्पा पायताण काढून आत आले, वर स्लॅबकडे एकदा बघितलं आणि बाजेवर टेकले. श्रीमंतनं मोबाइल काढला आणि फोटो घेतला.

ऋतुजा तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात नांदेडहून आणलेला तो पाट घेऊन बसली होती आणि चौकटीत काड्यापेट्या रचत होती. पोरगी खेळतेय, असं सगळ्यांना वाटलं. भिंत पुरी झाल्यावर तिनं पायथ्याशी एक काडी ठेवली, पाट जपून उचलला आणि आप्पांच्या पुढ्यात गादीवर आणून ठेवला.

"ऋतू, ते उचल तिथून," श्रीमंत म्हणाला. त्याचा आवाज जरा जास्तच वर गेला.

"ऱ्हाऊ दे की. काय हाय हे?" आप्पांनी विचारलं.

"घर. हे खांब. ही भिंत. आप्पा, तुम्ही हलवा."

आप्पांनी पाट दोन्ही हातांनी धरला आणि हलवला. पेट्या त्यांच्या मांडीवर आल्या, नव्या गादीवर आल्या, दोन खाली फरशीवर गेल्या. चौकट उभी होती. आप्पांनी तिला बोट लावून बघितलं. मग ढिगाऱ्यात हात घालून ती काडी शोधून काढली.

"आन हा?"

ऋतुजानं उशीकडे बघितलं. आप्पांनी मान वळवून उशाच्या भिंतीकडे बघितलं. खाली फरशीपासून वर तुळईपर्यंत, या खांबापासून त्या खांबापर्यंत, बहुतेक पहिल्यांदाच.

"आप्पा, पोरीचा खेळ हाय," श्रीमंत म्हणाला.

"तुला ठावं होतं?"

श्रीमंतनं मोबाइल खिशात घातला.

"वीरेशराव, तुमाला?"

मामानं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि मान डोलावली.

"शिवमूर्ती?"

"आप्पा, तुमीच तर मिशा कापाया लावल्या," दाराबाहेरून शिवमूर्ती म्हणाला.

"ते मला ठावं हाय. मी येडा म्हणून लावल्या. तू शाणा म्हणून कापल्यास." आप्पांनी ती काडी तळहातावर ठेवली. "म्हंजे ज्याला त्याला ठावं. फकस्त खाली झोपायचं ज्याला, त्याला न्हाई."

"तुमी घाबराल म्हणून…" श्रीमंत पुटपुटला.

"घाबरायचं मला शिकवू नको. लई वर्षं करायलोय ते मी."

 सगळे वाट बघत होते, की आता आप्पा उशी काखेत मारणार, पायताण घालणार आणि पत्र्यात जाणार. ऋतुजाच्या आईनं तर बाहेर ठेवलेली जुनी चादर आणायला पाऊलही उचललं होतं. आप्पांनी विचारलं, "मग आता काय करता येतंय हिला?"

 आप्पा असं काही विचारतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. घाबरलेल्या माणसापासून कसं लपवायचं याचा विचार सगळ्यांनी केला होता, सांगायचं कसं याचा नाही.

"जाळी," ऋतुजा म्हणाली. तिनं गादीवरच्या पेट्या भराभर परत रचल्या, दप्तरातून मच्छरदाणीचे तुकडे काढले, दोन्ही बाजूंनी ताणून टाचण्या खोचल्या. "आता हलवा. जोरात."

आप्पांनी जोरात हलवलं. बसवंतांनी पुढं होऊन आणखी जोरात हलवलं. पेट्या आतच राहिल्या.

"एवढंच?" आप्पा म्हणाले.  "भिंत पडती, एवढंच मला ठावं होतं. तिला धरून ठेवता येतंय, हे इतक्या वर्षांत एका बी माणसानं सांगितलं न्हाई. म्हातारा घाबरंल म्हणून." त्यांनी मामाकडे बघितलं. "कधी सुरू करता?"

"गिलावा खरवडावा लागेल, आप्पा. जाळी मी उद्या नांदेडहून पाठवतो. खांबांना भोकं पाडून सळया परत बसवता येतात, ते मी येऊन बघतो. पुढच्या सोमवारी…"

"सोमवार कशाला? खरवडायला जाळी लागत न्हाई. आज मी आत झोपणार म्हणून गावाला सांगितलंय. बाज तिकडं हॉलात घ्या, भिंतीपासून लांब. हिला आज हात लावा."

"आज?" श्रीमंत म्हणाला. "आप्पा, घरभरणीचा दिवस. माळसुदिक सुकली न्हाई अजून."

"शिवमूर्ती, चल."

शिवमूर्ती दारातून आत आला, पण दोन पावलांवर थांबला. "आप्पा, उद्या सांगा, अख्खी भिंत खरवडतो. पर शुभ दिवशी नव्या घरावर पहिला घाव… माझ्या हातून न्हाई व्हायचा."

आप्पांनी बसवंतांकडे बघितलं. बसवंतांना एकदम छताचा रंग बघावासा वाटला. मामा फेट्याच्या घड्या घालू लागला. श्रीमंतनं स्वामी अजून आहेत का, हे बघायला बाहेर डोकावलं.

मग ऋतुजा उठली. तिनं उशी उचलून आप्पांच्या हातात दिली. बाजेचा पाय धरून ती ओढू लागली, तेव्हा आप्पाही उठले आणि त्यांनी दुसरा पाय धरला. बाज दूर सरकली. माळ काढून तिनं आईकडे दिली. दारात शिवमूर्तीची पिशवी पडली होती, तिच्यातून तिनं हातोडा आणि छिन्नी काढली. हातोडा जड होता. तिनं छिन्नी भिंतीला टेकवली, जिथं मघाशी उशी होती बरोबर तिथं, आणि डोळे न मिटता पहिला घाव घातला.